गार म्हणजे स्वच्छ नव्हे : घरची आईसकांडी करताना आणि विकताना



होळी झाली की आपल्या वाशिम जिल्ह्यात ऊन खरं रंग दाखवायला लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो, दुपारी वावरात उभं राहवत नाही आणि शाळेला सुट्टी लागलेली लेकरं दिवसभर "आई, पाच रुपये दे" म्हणून मागे लागतात. ते पाच रुपये जातात कांडीवर, नाहीतर प्लास्टिकच्या नळीतल्या "पेप्सी"वर. कोणी तिला आईसकांडी म्हणतं, कोणी गारीगार म्हणतं. नाव काहीही असो, लेकरांना ती हवीच असते.

ही कांडी घरी करणं अवघड नाही. एका घराच्या लेकरांपुरती करता येते, तशी गटाला उन्हाळ्याचा छोटा धंदा म्हणूनही करता येते. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती कळली तर बाकी सगळं सोपं आहे. ती गोष्ट म्हणजे, गार आहे म्हणून ते स्वच्छ आहे असं अजिबात नाही.

बर्फात जंतू मरत नाहीत

आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, एवढ्या थंडीत जंतू कसे जगतील? पण ते जगतात. उकळल्याने जंतू मरतात, गोठवल्याने मात्र त्यातले बरेचसे नुसते गप्प पडून राहतात. कांडी तोंडात विरघळली की ते पोटात जातात आणि तिथल्या उबेला पुन्हा वाढायला लागतात. जुलाब, विषमज्वर म्हणजे टायफॉईड, कावीळ हे आजार दूषित पाण्यातून पसरतात. दूषित पाण्याच्या बर्फातूनही ते तसेच पसरतात.

उन्हाळ्यात तर पाण्याची अडचण जास्तच. विहिरी तळाला जातात, नळ चार दिवसांनी येतो, कुठे टँकर येतो. साठवलेलं पाणी जास्त दिवस वापरावं लागतं. म्हणून ज्या महिन्यांत कांडी सगळ्यात जास्त खपते, त्याच महिन्यांत पाणी सगळ्यात जास्त जपावं लागतं.

कांडीसाठी पाणी असं तयार करा :

१. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या. मग चारपदरी स्वच्छ सुती कापडातून गाळा.

२. गंजात पाणी ठेवून खळखळून उकळा. कडेला पहिले बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नाही. पूर्ण उकळी फुटल्यावर कमीत कमी एक मिनिट ती तशीच राहू द्या.

३. झाकण ठेवून त्याच गंजात गार होऊ द्या. गार करण्यासाठी त्यात दुसरं पाणी किंवा बाजारचा बर्फ टाकू नका. टाकला तर उकळण्याची मेहनत वाया गेली.

४. पाणी काढताना हात बुडवू नका, पेला बुडवू नका. दांड्याचं ओगराळं वापरा.

काही जणी विचारतात, गावात जारचं पाणी येतं, ते तर फिल्टरचं असतं, ते वापरलं तर? तो जार कधी धुतला, कुठे भरला हे आपल्याला माहीत नसतं. ते पाणी गार असतं, म्हणून स्वच्छ वाटतं. कांडीसाठी तेसुद्धा उकळूनच घ्या.

आपल्या गावचं पाणी कसं आहे हे कळण्याची सोय गावातच आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे आणि त्यासाठी एफटीके नावाचा संच असतो. त्यातल्या जंतू तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर पाणी दूषित आहे असं समजायचं. त्या पाचजणींमध्ये आपल्या गटाच्या ताया असतील तर उत्तमच, नसतील तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. पाण्याच्या स्रोतांना हिरवं, पिवळं, लाल कार्ड दिलं जातं, आपल्या विहिरीला कोणतं मिळालं तेही विचारा. हा प्रश्न फक्त कांडीपुरता नाही, घरात रोज प्यायच्या पाण्याचाही आहे.

निळा बर्फ ओळखा

बर्फ दोन प्रकारचा असतो. एक खाण्याचा, तो पिण्यायोग्य पाण्याचा करावा लागतो. दुसरा मासे, फळं किंवा इतर माल गार ठेवण्याचा, त्याला पाणी कसं वापरलं याची खात्री नसते. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून लोकांची फसगत व्हायची. त्यासाठी महाराष्ट्रात २०१८ च्या उन्हाळ्यापासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग टाकायचा नियम आला. म्हणून लक्षात ठेवा, बर्फाच्या लादीला निळी झाक असेल तर तो पोटात जाता कामा नये. आणि रंग दिसत नसला तरी तो कुठल्या कारखान्यातून आला हे विचारल्याशिवाय सरबतात टाकू नका. आपल्या कांडीत तर बाहेरचा बर्फ लागतच नाही. आपणच पाणी उकळतो, आपणच गोठवतो. घरच्या कांडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

कांडी कडक का होते, मऊ का राहते

आता करण्याकडे वळू. कांडी म्हणजे पाणी, साखर आणि चव. यात साखरेचं काम फक्त गोडीचं नाही. साध्या पाण्याचा बर्फ दगडासारखा होतो. साखर असली की पाणी उशिरा गोठतं, बर्फाचे कण बारीक राहतात आणि कांडी दाताने तुटते. साखर फार कमी पडली तर लेकरं रस चोखून घेतात आणि हातात पांढरा बर्फ उरतो. फार जास्त पडली तर घरच्या फ्रीजमध्ये ती नीट जमतच नाही, लिबलिबीत राहते.

म्हणून अंदाजाने टाकू नका. तयार एक लिटर मिश्रणात साधारण १५० ते १७० ग्रॅम साखर हे बरं माप आहे. फळ गोड असेल तर त्याप्रमाणे कमी करा. घरात वजनकाटा नसेल तर आपली एक वाटी किराणा दुकानात नेऊन तिच्यात किती ग्रॅम साखर बसते ते एकदा मोजून घ्या आणि तीच वाटी कायम वापरा. दहाजणींनी दहा वाट्यांनी मोजलं तर गटाची कांडी रोज वेगळी लागेल.

अजून एक गोष्ट. जीभ गार झाली की गोडी कमी जाणवते. त्यामुळे गोठवण्याआधी मिश्रण चाखाल तेव्हा ते आपल्या नेहमीच्या सरबतापेक्षा थोडं जास्त गोड लागायला पाहिजे.

आणि साचा काठोकाठ भरू नका. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, दहा भाग पाण्याचा जवळपास अकरा भाग बर्फ होतो. वर बोटभर जागा सोडा.

आपल्याकडच्या चार-पाच कांड्या

*कैरीच्या पन्ह्याची :* कैऱ्या स्वच्छ धुऊन उकडा, गार झाल्यावर साल काढून गर काढा. एक लिटर मिश्रणासाठी साधारण २०० ग्रॅम गर, १७० ग्रॅम साखर, उकळून गार केलेलं पाऊण लिटरच्या आसपास पाणी, अर्धा छोटा चमचा काळं मीठ, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वेलची. साखर थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून घ्या, नाहीतर ती तळाशी बसते. गूळ वापरायचा असेल तर तो पाण्यात उकळून गाळून घ्या, गुळात खडे-कचरा असतोच.

*लिंबू-सब्जाची :* ८०० मिली पाणी, १६० ग्रॅम साखर, चार रसरशीत लिंबांचा रस, चिमूट मीठ. साखरेचं पाणी गार झाल्यावरच रस घाला, गरम पाण्यात लिंबाची ताजी चव जाते. सब्जा उकळून गार केलेल्या पाण्यातच भिजवा. त्याचे दाणे कांडीत छान दिसतात आणि लेकरांना आवडतात.

*टरबुजाची :* ही सगळ्यात स्वस्त. पण टरबूज चिरण्याआधी वरून चांगलं धुवा. सालीवरची माती, हात लागलेली घाण सुरीबरोबर थेट गरात जाते. हा गर आपण उकळत नाही, म्हणून सुरी, पाट आणि हात स्वच्छ पाहिजेत. एक किलो गराला ६०-७० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस पुरे. कापून उघड्यावर विकायला ठेवलेलं टरबूज कांडीसाठी आणू नका.

*संत्र्याची :* कारंजा, मंगरूळपीरकडच्या तायांना संत्री घरचीच. मृग बहाराची फळं उन्हाळा सुरू होईपर्यंत मिळतात आणि डागाचं, लहान फळ बाजारात कवडीमोलाने जातं. त्याचा रस कांडीला चालतो, फक्त फळ आतून सडकं नको. आपल्या संत्र्याचा रस ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बिया आणि फोडींच्या पांढऱ्या सालीत तो कडवटपणा असतो. म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, हाताने हलकं पिळा, गाळा, साखरेचं गार पाणी मिसळा आणि लगेच गोठवायला ठेवा. रस उकळू नका.

*दुधाची :* एक लिटर दूध आटवून पाऊण लिटर करा. १०० ग्रॅम साखर आणि गार दुधात कालवलेलं एक मोठा चमचा मक्याचं पीठ (कॉर्नफ्लोअर) घालून दाट होईपर्यंत ढवळा, वेलची घाला. गरम दुधात गूळ घालू नका, दूध फाटू शकतं. दुधाची कांडी सगळ्यात लवकर खराब होते, त्यामुळे विकायची सुरुवात हिच्यापासून करू नका.

रंगाबद्दल एक शब्द. बाजारच्या कांडीसारखा लाल-हिरवा रंग हवा म्हणून सुटा रंग आणून टाकायचा मोह होतो. खाण्याचे रंग ठरलेले आहेत आणि त्यांना मापाची मर्यादा आहे. कापड रंगवायचा रंग पोटात गेला तर तो घात करतो. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये रोडामाईन-बी नावाच्या अशाच रंगामुळे बुढ्ढी के बाल विकण्यावर बंदी घातली. आपल्याला रंग हवाच असेल तर किसलेल्या बीटाचा रस दोन चमचे पुरतो.

भांडी आणि काड्या

कैरी, लिंबू, चिंच, संत्रं ही आंबट चीज आहे. ती ॲल्युमिनियम, तांबं, पितळेत ठेवू नका, धातू त्यात उतरतो. स्टीलचे छोटे पेले हा सगळ्यात चांगला साचा. कुल्फीचे ॲल्युमिनियमचे साचे असतील तर ते दुधाच्या कुल्फीलाच ठेवा.

काडी लाकडाची घ्या. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यात आईस्क्रीमच्या आणि कँडीच्या प्लास्टिकच्या काड्याही आहेत. लाकडी काड्या खाण्याच्या वापराच्या म्हणून मिळतात त्याच आणा. वापरण्याआधी पाच मिनिटं उकळून, स्वच्छ कापडावर उन्हात कोरड्या करा. एकदा वापरलेली काडी पुन्हा वापरायची नाही, लेकरांनी धुऊन आणून दिली तरी नाही.

काडी सुरुवातीलाच टाकली तर ती आडवी पडते. दीड-दोन तासांनी मिश्रण अर्धवट जमलं की मधोमध उभी खोचा. घरच्या फ्रीजमध्ये पूर्ण जमायला सहा ते आठ तास लागतात, म्हणून रात्री ठेवा आणि सकाळी काढा. मधे मधे उघडून बघू नका. काढताना पेला काही क्षण साध्या पाण्यात धरायचा म्हणजे कांडी सुटते. पण ते पाणी कांडीला लागतं, म्हणून तेसुद्धा उकळलेलंच हवं. बऱ्याचदा सगळी काळजी घेऊन शेवटी इथेच चूक होते.

फ्रीज नसेल तर

फ्रीज नसला तरी कांडी होते. जुने कुल्फीवाले माठात बर्फ आणि मीठ घालून कुल्फी जमवायचे ना, तीच युक्ती. बर्फ फोडून तीन भाग घ्या, त्यात एक भाग खडे मीठ मिसळा. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो शेजारच्या डब्यातून ओढून घेतो. त्यामुळे ते मिश्रण साध्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त गार होतं, शून्याच्या खाली दहा-पंधरा अंशांपर्यंत जातं.

मोठ्या बादलीला बाहेरून जाड गोणपाट गुंडाळा. आत मिठाचा बर्फ, आणि त्यात घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे गळ्यापर्यंत रोवा. वरून पुन्हा गोणपाट टाका. तीन-चार तासांत कांडी जमते. मधे एकदा साठलेलं पाणी काढून नवीन बर्फ-मीठ घाला. हा बर्फ खायचा नाही, फक्त गार करायचा. म्हणून झाकण उघडण्याआधी डबा बाहेरून उकळलेल्या पाण्याने धुवा, म्हणजे खारट आणि घाण पाण्याचा थेंब आत जाणार नाही. मिठाच्या बर्फात उघडा हात फार वेळ घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते. लेकरांना तर हात लावूच देऊ नका.

कांडीचा जन्मही म्हणे असाच सहज झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९०५ साली फ्रँक एपर्सन नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर ठेवला आणि थंडीत तो गोठून गेला, असं सांगतात. मोठेपणी त्याने त्याचंच पेटंट घेतलं. त्याला थंडी फुकट मिळाली. आपल्याला ती विजेने नाहीतर मिठाने आणावी लागते.

वीज गेली तर

उन्हाळ्यात वीज जाणार हे धरूनच चला. वीज गेली की फ्रीज उघडू नका. फ्रीजर अर्धा रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, भरलेला फ्रीजर जास्त वेळ गार राहतो.

रात्री आपण झोपेत असताना किती वेळ वीज गेली हे कळायला एक सोपी खूण आहे. एका वाटीत पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं वरच असेल तर चिंता नाही. नाणं बर्फाच्या आत किंवा तळाशी गेलेलं असेल तर रात्री सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. अशी कांडी, विशेषतः दुधाची आणि टरबुजाची, विकायची नाही, लेकरांनाही द्यायची नाही. जीव तुटतो खरा, पण ती फेकलेलीच बरी.

आता धंद्याचा हिशोब

इथे ताईंनो, नीट वाचा. पुष्कळ गट इथेच फसतात. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या बाजाराचे भाव घालून हा हिशोब पुन्हा मांडा.

समजा १०० पन्ह्याच्या कांड्या करायच्या, एक कांडी ६० मिलीची. म्हणजे सहा लिटर मिश्रण.

साखर १ किलो : ४५ रुपये
कैरी २ किलो : ६० रुपये
काड्या : ५० रुपये
गॅस : ४० रुपये
वीज : ३० रुपये
पिशव्या व लेबल : ५० रुपये
एकूण : २७५ रुपये

शंभरातल्या दहा मोडतात, वितळतात, चाखण्यात जातात. विकायला उरतात ९०. पाच रुपयांना विकल्या तर ४५० रुपये आले. ४५० मधून २७५ गेले, उरले १७५. झाला नफा, असं वाटतं.

पण मजुरी कुठे गेली? कैऱ्या उकडणं, पाणी उकळणं, भरणं, काढणं, भांडी धुणं यात सगळ्या मिळून तीन तास गेले आणि त्याचे नुसते १५० रुपये धरले, तर खरा नफा २५ रुपये. आणि विकायला दुकानात ठेवल्या, दुकानदाराने एका कांडीमागे एक रुपया घेतला, तर ९० रुपये त्याचे. मग नफा तर सोडाच, ६५ रुपये खिशातून गेले.

तीच कांडी दहा रुपयांना विकली तर ९०० रुपये येतात, मजुरी धरूनही ४७५ उरतात. मग प्रश्न येतो, दहा रुपये कोण देणार? कारखान्याच्या पाच रुपयांच्या पेप्सीशी आपण भावात लढू शकत नाही, लढूही नये. आपल्याकडे आहे ती खात्री : उकळलेलं पाणी, खरी कैरी, रंग नाही. ही खात्री ज्याला हवी त्याच्याकडे जा. लग्नाच्या पंगती, बारशी, गावातले कार्यक्रम, प्रशिक्षणं, प्रभागसंघाच्या सभा. आधी ऑर्डर घ्या, मगच करा. मानोरा तालुक्यातल्या तायांना रामनवमीची पोहरादेवीची यात्रा आहे, ऐन उन्हात लाखो भाविक येतात. पण यात्रेत पहिल्याच वर्षी हजार कांड्या नेऊ नका. नेणं-ठेवणं जमतं का ते आधी आठवडी बाजारात शंभर कांड्यांवर बघा.

आणि डीप फ्रीजरसाठी पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका. कांडीचा धंदा चालतो मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत, साधारण शंभर दिवस. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने असतो. पाऊस पडला की फ्रीजर रिकामा, हप्ता चालू. आधी एक उन्हाळा घरच्या फ्रीजवर करून बघा. रोजची वही लिहा : किती केल्या, किती विकल्या, किती फेकल्या, किती उधारी राहिली. पंचसूत्रीत आपण हिशोबाची सवय लावलीच आहे, तीच इथे कामी येते. वर्षभराची वही हातात असली की फ्रीजर घ्यायचा का, हे वहीच सांगेल. घ्यायचाच ठरला तर पावसाळ्या-हिवाळ्यात त्यात काय ठेवून पैसे मिळतील, मटार, सीताफळाचा गर, दुसरं काही, हे आधी ठरवा.

नोंदणी

विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, मग ती घरातून का असेना. छोट्या धंद्याला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते आणि तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. सेतू केंद्रावर कोणी हजार-दोन हजार मागितले तर पावती मागा आणि आपल्या सीआरपी ताईला विचारा. मिळालेला १४ अंकी नंबर लेबलवर टाका. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं, केल्याची तारीख, वजन, किंमत आणि गटाचं नाव-पत्ता लिहा. तारीख लिहायला लाजू नका. तारीख लिहिणारीवर गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतं.

ज्या ताईला जुलाब, ताप, कावीळ किंवा हाताला जखम आहे, तिने त्या दिवशी कांडीला हात लावायचा नाही. तिला पैसे-हिशोबाचं काम द्या, तिचा रोज बुडवू नका. रोज बुडतो म्हणूनच बाई आजार लपवते.

कांडी म्हणजे औषध नाही

शेवटचं, पण महत्त्वाचं. उन्हातून आलेल्याला कांडीने बरं वाटतं, पण अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ तिने भरून निघत नाही. लेकराला जुलाब-उलटी होत असेल तर कांडी नाही, ओआरएसचं पाणी द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आशाताईला लगेच कळवा.

वावरात काम करताना कोणी बरळायला लागलं, चक्कर येऊन पडलं, अंग तापलं तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, कांडी काहीही घालू नका. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी कांडी बेतानेच.

या महिन्याच्या बैठकीत यावर बोला

• आपल्या गावच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? तपासणाऱ्या पाचजणी कोण?
• गावात विकायला येणारी कांडी कुठे तयार होते, कोणत्या पाण्याची? विक्रेत्याला विचारायचं कोणी?
• गटातल्या किती जणींकडे फ्रीज आहे? कोणी, कोणत्या दिवशी, किती कांड्या करू शकेल?
• वरचा हिशोब आपल्या गावच्या भावाने मांडा. मजुरी धरा. मग भाव ठरवा.
• पाणी उकळण्याची जबाबदारी एकीच्याच नावावर लिहा. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही.

विकायचं जमलं नाही तरी चालेल. या उन्हाळ्यात आपल्या घरातल्या लेकरांनी खाल्लेली कांडी उकळलेल्या पाण्याची असली, तरी पुष्कळ झालं. करून बघा, आणि कोणती चव जमली, कोणता हिशोब चुकला ते पुढच्या अंकासाठी आपल्या सीआरपी ताईकडे लिहून द्या.